परक्या फौजेचे दुभाषे

परमुलखात उतरलेल्या फौजेला दारूगोळ्याइतकीच स्थानिक माणसांची गरज लागते. वाट दाखवणारा, ट्रक चालवणारा, तळावरचे कपडे धुणारा, भटारखान्यात राबणारा, कचेरीत नोंदी ठेवणारा आणि या सगळ्यांच्या आधी लागणारा दुभाषा. ही माणसे सैनिक नसतात. त्यांना हुद्दा नसतो, बहुधा हत्यारही नसते. प्रत्यक्ष लढाईत भाग घेत नाहीत तोवर युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायदा त्यांना नागरिकच मानतो. फौजेविरुद्ध लढणारे मात्र त्यांना फितूर मानतात आणि फितुराचा सूड शत्रूपेक्षा आधी घेतला जातो. तो घेणे सोपेही असते, कारण सैनिक तटबंदीच्या आत राहतो, त्याची पाळी संपली की मायदेशी जातो. दुभाषा संध्याकाळी त्याच शहरातल्या घरी परततो आणि त्याचे आईवडील कुठल्या गल्लीत राहतात हे सगळ्यांना ठाऊक असते.

दुभाषेगिरी हा धंदा जुना आहे आणि तो नेहमीच असा जिवावरचा नव्हता. १६७४ साली शिवराज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला, तेव्हा बोलणी पार पाडायला नारायण शेणवी त्याच्यासोबत होता. असा दुभाषा दरबारात दोन्ही पक्षांच्या संमतीने काम करी आणि त्याची दोघांनाही गरज असे. विसाव्या शतकातल्या युद्धांत ही स्थिती बदलली. शत्रू समोरच्या छावणीत नसून वस्तीतच मिसळलेला असला, की फौजेचे निम्मे काम दारे ठोठावणे, झडत्या घेणे आणि चौकशा करणे हेच होऊन बसते. प्रश्न परका अधिकारी विचारतो, पण कानावर पडणारा आवाज ओळखीच्या माणसाचा असतो. लोकांच्या लक्षात राहतो तो हा आवाज आणि त्यामागचा चेहरा.

फौज निघून गेल्यावर या माणसांचे काय होते, याचा पहिला मोठा धडा अल्जीरियाने दिला. १९५४ ते १९६२ या काळात फ्रान्सने स्वातंत्र्यलढा मोडून काढण्यासाठी स्थानिक मुस्लिमांची साहाय्यक पथके उभी केली. त्यांना हार्की म्हणत. ते हत्यारबंद होते, म्हणून त्यांना निव्वळ नागरिक म्हणता येणार नाही. पण पुढे जे झाले ते फ्रेंच राजवटीतल्या गावकामगारांनाही चुकले नाही. १८ मार्च १९६२ च्या एव्हियाँ करारात सूडबुद्धीने कुणावर कारवाई होणार नाही अशी हमी होती. त्या हमीवर विसंबून हार्कींची हत्यारे काढून घेण्यात आली. मे महिन्यात अल्जीरियाविषयक मंत्री लुई जॉक्स यांनी आदेश काढला, की लष्करी अधिकाऱ्यांनी परस्पर या माणसांना फ्रान्समध्ये आणू नये. काही अधिकाऱ्यांनी तो धुडकावला आणि आपापल्या माणसांना जहाजांत बसवले. मागे राहिलेल्यांपैकी हजारो मारले गेले. नेमक्या आकड्यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. जे फ्रान्सला पोचले त्यांतल्या अनेकांना रिव्हसाल्तसारख्या तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत ठेवले गेले. या वागणुकीची जबाबदारी मान्य करून भरपाई देणारा कायदा फ्रान्सने केला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी.

दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावात, १९७५ साली वेगळ्या कारणाने तेच घडले. अमेरिकी राजदूत ग्रॅहॅम मार्टिन यांना वाटत होते, की माणसे हलवायला सुरुवात केली तर शहरात घबराट पसरेल आणि दक्षिण व्हिएतनामचे सरकार त्या घबराटीनेच कोसळेल. त्यामुळे शेवटच्या आठवड्यांपर्यंत सगळे रेंगाळत ठेवले गेले. ३० एप्रिलच्या पहाटे वकिलातीच्या छपरावरून शेवटची हेलिकॉप्टरे उडाली तेव्हा खाली आवारात सुमारे ४०० माणसे आपल्या पाळीची वाट पाहत होती. तरीही त्या वसंतात सुमारे १,३०,००० व्हिएतनामी अमेरिकेच्या आश्रयाला पोचले आणि त्यांतले लाखाहून अधिक प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावरून गेले. सीआयएचे माजी अधिकारी फ्रँक स्नेप यांनी १९७७ मध्ये ‘डिसेंट इंटर्व्हल’ हे पुस्तक लिहून या माघारीतला गलथानपणा मांडला. मागे टाकलेली माणसे आणि त्यांची ओळख सांगणारी मागे राहिलेली कागदपत्रे, दोन्ही त्यात आहेत. छापण्यापूर्वी परवानगी घेतली नाही या मुद्द्यावर सरकारने खटला भरला आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुस्तकाची सगळी मिळकत सरकारजमा झाली. पुस्तकात लिहिलेले खोटे आहे, असा त्या खटल्याचा मुद्दा नव्हता.

गुआमचा उपयोग पुन्हा एकदा झाला आणि तो फारसा कुणाच्या स्मरणात नाही. ऑगस्ट १९९६ च्या अखेरीस सद्दाम हुसेनच्या फौजा उत्तर इराकमधल्या एर्बिल शहरात शिरल्या. अमेरिकेसाठी किंवा तिच्या पैशावर चालणाऱ्या मदतसंस्थांसाठी काम करणारे तिथले कुर्द संकटात सापडले. सुमारे ६,६०० माणसांना, कुटुंबकबिल्यासह, तुर्कस्तानमार्गे गुआमच्या अँडरसन हवाई तळावर नेण्यात आले. त्यांची तपासणी, मुलाखती, वैद्यकीय चाचण्या तिथेच झाल्या. एप्रिल १९९७ पर्यंत सगळे अमेरिकेत स्थिरावायला निघालेही होते. आधी माणूस सुरक्षित जागी हलवायचा आणि कागद नंतर पाहायचे, हा क्रम सरकारला जमतो एवढे यातून सिद्ध झाले होते. पुढच्या दोन युद्धांत नेमका हा क्रम उलटा झाला.

मार्च २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये उतरली तेव्हा तिच्या फौजेत अरबी जाणणारे अगदी मोजके होते. दुभाषे पुरवण्याचे कंत्राट टायटन नावाच्या कंपनीकडे होते, २००८ पासून ते ग्लोबल लिंग्विस्ट सोल्यूशन्सकडे गेले. कंत्राटात दुभाष्यांच्या श्रेण्या होत्या. गोपनीयतेचा परवाना मिळालेले अमेरिकी नागरिक वरच्या श्रेण्यांत, आणि परवाना नसलेले स्थानिक लोक पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत. पगारात जमीन-अस्मानाचा फरक. झडतीला जाणाऱ्या तुकडीबरोबर रस्त्यावर उतरणारा बहुधा खालच्या श्रेणीतलाच असे. कंत्राटी पद्धतीचा आणखी एक परिणाम पुढे फार महाग पडला. माणूस रोज लष्कराबरोबर राबत होता, पण नोकरीच्या कागदावर नाव कंपनीचे होते. कंपनी बदलली, उपकंत्राटदार गाशा गुंडाळून गेला, की त्या माणसाने काम केल्याचा पुरावाच नाहीसा होई.

लोक या कामाला का गेले, याचे उत्तर एकच नाही. तेरा वर्षांच्या निर्बंधांनी इराकी मध्यमवर्ग कंगाल झाला होता. ज्याला इंग्रजी येत होते अशा पदवीधराला दुसरीकडे इतका पगार मिळणे शक्य नव्हते. अनेकांना सद्दाम गेल्याचा मनापासून आनंद होता आणि देश उभारायच्या कामात आपला हात लागावा असे वाटत होते. काही तरुण तर अमेरिकी चित्रपट पाहून आणि गाणी ऐकून इंग्रजी शिकलेले होते. त्यांना हे साहस वाटले. पहिल्या वर्षात ही नोकरी लपवावी असे फार थोड्यांना वाटले.

२००४ उजाडले तसे चित्र पालटले. १८ जानेवारीला बगदादमधल्या ग्रीन झोन या अमेरिकी ठाण्याच्या फाटकावर स्फोटकांनी भरलेली गाडी उडवण्यात आली. सकाळी कामावर जाण्यासाठी रांगेत उभे असलेले इराकी त्यात सर्वांत जास्त मेले. त्याच महिन्यात फलुजाच्या परिसरात, लष्करी तळावरच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या ख्रिस्ती बायकांच्या गाडीवर गोळीबार झाला. कपडे धुणे हाही गुन्हा ठरला होता. पुढे पाकिटात घातलेली बंदुकीची गोळी घरी येणे, भिंतीवर नाव लिहिले जाणे, भावाला पळवून नेणे हे नेहमीचे झाले. दुभाषे तोंडावर काळी टोपी ओढून गस्तीला जाऊ लागले. सैनिकांनी त्यांना अमेरिकी टोपणनावे दिली. घरी जाताना टॅक्सी दोन-तीनदा बदलायची, ओळखपत्र बुटात लपवायचे, बायकोला आणि शेजाऱ्यांना सांगायचे की आपण दुसऱ्या गावी व्यापार करतो. पुष्कळांनी घरी जाणेच सोडले आणि ते तळावर राहू लागले, त्यामुळे घरच्यांना धोका वाढला की कमी झाला हे सांगणे कठीण. २००८ मध्ये बगदादमधल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी तोंड झाकण्यावर बंदी घातली. शहर आता सुरक्षित झाले आहे आणि चेहरा झाकणे शिस्तबद्ध फौजेला शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्याला रात्री त्याच शहरात झोपायचे होते त्याचे मत कुणी विचारले नव्हते. अमेरिकी सिनेटरांनी ओरड केल्यावर हा हुकूम सैल करावा लागला. मार्च २००३ ते मार्च २००८ या पाच वर्षांत टायटन आणि तिच्या वारसदार कंपनीचे किमान ३६० दुभाषे मारले गेल्याचे शोधपत्रकारांनी विम्याच्या दाव्यांसारख्या नोंदींवरून दाखवून दिले.

या माणसांची दाद लावून धरली ती सरकारी यंत्रणेने नव्हे. फलुजात अमेरिकी मदतखात्यासाठी काम केलेल्या कर्क जॉन्सन या तरुणाने आपल्या जुन्या इराकी सहकाऱ्यांची नावे लिहायला घेतली आणि ती यादी शेकडोंवर गेली. तिच्यातूनच २००७ मध्ये ‘लिस्ट प्रोजेक्ट’ ही संस्था निघाली. त्याच वर्षी पत्रकार जॉर्ज पॅकर यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये या इराक्यांवर दीर्घ लेख लिहिला. अमेरिकी काँग्रेसने २००६ मध्ये इराकी आणि अफगाण दुभाष्यांसाठी मिळून वर्षाला ५० विशेष व्हिसा मंजूर केले होते. हा आकडा पुढे दोन वर्षांपुरता ५०० झाला. जानेवारी २००८ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने इराक्यांसाठी वर्षाला ५,००० याप्रमाणे पाच वर्षांच्या २५,००० जागा ठेवल्या. मुदत संपत आली तेव्हा त्यांतल्या एक चतुर्थांशही भरल्या गेल्या नव्हत्या.

कारण कागद. अर्जदाराला नोकरीचा दाखला लागे, अमेरिकी वरिष्ठाचे शिफारसपत्र लागे, राजदूताची मान्यता लागे, मग अनेक गुप्तचर खात्यांची तपासणी आणि शेवटी वकिलातीत मुलाखत. शिफारस देणारा कॅप्टन एव्हाना टेक्सासमध्ये निवृत्त झालेला, त्याचा लष्करी इमेल पत्ता बंद पडलेला. जिवाला धोका आहे हे सिद्ध करावे लागे आणि धमकी देणारे पावती देत नसतात. पळवून नेलेल्या मुलासाठी खंडणी भरली असेल, तर दहशतवाद्यांना आर्थिक मदत केली या कलमात माणूस अडकू शकत असे. ज्याने तीनशे गस्तींत सैनिकांचे प्राण सांभाळले तो विश्वासू की नाही, हे लाय डिटेक्टरवरच्या एका चाचणीने ठरे. त्यात नापास झालेल्याची नोकरी जाई आणि व्हिसाचा हक्कही. आणि हे सगळे दाखले, छायाचित्रे, प्रशस्तिपत्रे घरात जपून ठेवावी लागत. ज्या कागदावर सुटका अवलंबून होती तोच कागद झडतीत सापडला तर मरणाला पुरेसा होता.

छोट्या देशांनी हे प्रकरण अधिक शहाणपणाने हाताळल्याचे एक उदाहरण आहे. बसऱ्याजवळून आपली ४६० सैनिकांची तुकडी काढून घेण्याआधी, जुलै २००७ मध्ये, डेन्मार्कने आपल्याकडे काम केलेले इराकी आणि त्यांची कुटुंबे अशा सुमारे २०० माणसांना गुपचूप विमानाने आपल्या देशात नेले. ते पोचल्यावरच बातमी फुटली. बसऱ्यात त्यांच्याहून कितीतरी मोठी फौज असलेले ब्रिटन या वेळी आपल्या दुभाष्यांना नेहमीच्या आश्रितांच्या रांगेत उभे राहा असे सांगत होते. ‘द टाइम्स’ने मोहीम चालवल्यावर ऑक्टोबर २००७ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी योजना जाहीर केली, तिच्यातही अट होती: किमान बारा महिने सलग नोकरी. मारेकरी महिने मोजत नव्हते. अकरा महिन्यांनी जिवाच्या भीतीने काम सोडलेला दुभाषा या अटीत बसत नव्हता.

अफगाणिस्तानात हेच सर्व अधिक काळ आणि अधिक मोठ्या प्रमाणावर झाले. हेलमंद आणि कंदाहार हे पश्तो बोलणारे प्रांत, पण दुभाषे पुष्कळदा काबूलकडचे दारी भाषक तरुण. गावकऱ्यांच्या नजरेत ते आधीच परके. तिथे धमकी ‘शबनामा’ होऊन येई. रात्री मशिदीच्या किंवा घराच्या दारावर लावलेल्या या पत्रात नाव, बापाचे नाव आणि काम सोडण्याची मुदत असे. पगार सरकारी पोलिसाच्या कितीतरी पट होता हे खरे. पण पायी गस्तीत दुभाषा अधिकाऱ्याच्या शेजारीच चालत असल्याने रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांनी हात-पाय गमावलेल्या अफगाण दुभाष्यांची संख्या मोठी आहे. २००९ च्या कायद्याने अमेरिकेने अफगाणांसाठी वर्षाला १,५०० व्हिसा ठेवले आणि पहिल्या वर्षांत त्यांतले नगण्यच वाटले गेले. धोका ‘गंभीर’ नाही असे कारण देऊन काबूलच्या वकिलातीने अनेक अर्ज फेटाळले. अर्ज नऊ महिन्यांत निकाली काढावा असे २०१३ अखेरच्या कायद्यात लिहिले गेले. प्रत्यक्षात तीन-चार वर्षे लागणे ही रीतच झाली. लष्करातून परतलेल्या मॅट झेलर यांनी आपला जीव वाचवणाऱ्या दुभाष्याला अमेरिकेत आणण्यासाठी झगडून २०१३ मध्ये ‘नो वन लेफ्ट बिहाइंड’ ही संस्था काढली. २०१४ पासून व्हिसाची वाट पाहता पाहता किमान ३०० दुभाषे व त्यांचे नातलग मारले गेले, अशी नोंद या संस्थेने केली आहे.

२९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांच्यात फौजा काढून घेण्याचा करार झाला. एप्रिल २०२१ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी संपूर्ण माघारीची तारीख जाहीर केली, तेव्हा व्हिसाचे सुमारे १८,००० अर्ज पडून होते आणि प्रत्येकामागे एक कुटुंब होते. गुआमच्या गव्हर्नरांनी बेट देऊ केले. काँग्रेसमधल्या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी १९७५ आणि १९९६ चे दाखले दिले. सरकारने माणसे गुआमला हलवली नाहीत. जुलैच्या सुरुवातीला बगराम तळ रिकामा झाला. दुभाष्यांना हलवणारे पहिले विमान व्हर्जिनियात उतरले ते ३० जुलैला, सुमारे २०० माणसे घेऊन, आणि १५ ऑगस्टला काबूल पडले. पुढचे पंधरा दिवस सगळ्या जगाने पाहिले. सुमारे १,२४,००० माणसे विमानांनी बाहेर काढली गेली, ही कामगिरी लहान नाही. पण विमानतळाच्या फाटकातून आत कोण येणार हे पुष्कळदा सेवेपेक्षा गर्दीतली ताकद आणि फोनवर हाताशी असलेली ओळख यांवर ठरले. वाटेत तालिबानची नाकी होती. तिथे शिफारसपत्र खिशात ठेवावे की जाळून टाकावे, हा प्रश्न हजारो कुटुंबांपुढे होता. २६ ऑगस्टला विमानतळाच्या ॲबी गेटवर झालेल्या आत्मघाती स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण मेले. तालिबानच्या हाती फौजेची बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे नोंदवणारी यंत्रे, तसेच अफगाण सरकारचे पगारपट लागले. मागे राहिलेल्यांना चेहरा झाकण्याचाही उपयोग उरला नाही.

कागदांचा सर्वांत मोठा घोटाळा मात्र लंडनमध्ये झाला. ब्रिटनने १ एप्रिल २०२१ ला आपल्यासाठी काम केलेल्या अफगाणांची पुनर्वसन योजना सुरू केली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण खात्याने अफगाणिस्तानात अडकलेल्या २४५ जणांना एकच इमेल पाठवला, त्यात सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते, काहींची छायाचित्रेही. या चुकीबद्दल खात्याला पुढे ३,५०,००० पौंडांचा दंड झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याहून भयंकर चूक घडली. एका सैनिकाने सुमारे १५० अर्जदारांची माहिती आहे असे समजून एक तक्ता बाहेर पाठवला. त्यात प्रत्यक्षात १८,७०० च्या आसपास अर्जदारांची आणि त्यांच्या अनेक नातलगांची माहिती होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा काही भाग फेसबुकवर दिसला, तेव्हा खात्याला पत्ता लागला. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने मनाई हुकूम दिला, तोही असा, की हुकूम आहे हेसुद्धा छापता येऊ नये. त्याच्या आडोशाने सरकारने एक गुप्त योजना चालवून सुमारे ४,५०० माणसांना आणले किंवा आणायला घेतले. यादीतल्या बाकीच्यांना आपले नाव फुटले आहे हे कळवले गेले नाही. पुढे सरकारनेच नेमलेल्या एका चौकशीत निष्कर्ष निघाला, की तालिबानजवळ आधीच इतकी माहिती आहे, की या यादीने धोका फारसा वाढत नाही. हा युक्तिवाद कितीही बिनचूक असला, तरी ज्यांची नावे यादीत होती त्यांच्यासाठी त्यात दिलासा नाही.

१ जुलै २०२५ रोजी ब्रिटनने २०२१ च्या पुनर्वसन योजनेत नवे अर्ज घेणे बंद केले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १५ जुलैला, न्यायालयाने मनाई हुकूम उठवला आणि यादीतल्या माणसांना आपली नावे साडेतीन वर्षांपूर्वीच बाहेर गेल्याचे समजले.